ऑड्री लॉर्ड वाचायची तर सुरुवात कुठून करावी

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात मुली विचारतात, "मॅडम, ऑड्री लॉर्डचं आधी काय वाचू?" या अमेरिकन कवयित्रीच्या निबंधांचं पुस्तक मी लगेच देत नाही. मी तिथूनच सुरुवात केली आणि चाळीसेक पानांवर अडले. ही बाई कुठून आली, हेच माहीत नव्हतं.

आधी 'झामी' घ्या. १९८२ मधलं आत्मकथन. १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये जन्म, आईवडील कॅरिबियन बेटांवरचे, नजर अतिशय अधू. आईच्या कॅरिआकू बेटावर मैत्रिणी आणि प्रेयसी म्हणून एकत्र काम करणाऱ्या बायकांना झामी म्हणतात. पहिली पाळी येते त्या दिवशीचा प्रसंग सावकाश वाचा. आईच्या लाकडी खलबत्त्यात ती लसूण, मीठ, कांदा कुटतेय. खलाला बाहेरून फळं कोरलेली. एरवी दणादण कुटणारी ही मुलगी, पण आज हात हळू पडतो. आपल्या देहाची तिला झालेली ती ओळख आहे. पुढचं सगळं तिथून उगवतं.

मग 'द कॅन्सर जर्नल्स' (१९८०). १९७८ मध्ये तिचा एक स्तन काढला. दहा दिवसांनी ती डॉक्टरकडे गेली, तर नर्स म्हणाली, कृत्रिम स्तन लावून येत जा, नाहीतर इथल्या इतर बायकांचं मन खचतं. लॉर्ड संतापली. इस्रायलचा एकाक्ष सेनानी मोशे दायान, त्याच्या डोळ्यावरच्या पट्टीला कुणी नावं ठेवत नाही, मग मीच का लपवायचं? माझी मावशी ऑपरेशननंतर आयुष्यभर दाराला कडी लावून ब्लाउजमध्ये कापडाची घडी भरत राहिली. हे पान तिला वाचून दाखवायचं राहून गेलं.

आता निबंधांचं पुस्तक, 'सिस्टर आउटसायडर' (१९८४), उघडा. रोज एकच निबंध, पेन्सिल हातात ठेवून.

आणि तिच्याबद्दल लिहाल तेव्हा एक पाळा. ती स्वतःची ओळख करून द्यायची: काळी, लेस्बियन, आई, योद्धा, कवी. ती १९६१ मध्ये कोलंबियातून ग्रंथपालनाची पदवी घेतलेली ग्रंथपालही होती, हे मला फार जवळचं वाटतं. मुलींच्या टिपणांत 'लेस्बियन' हा शब्द हमखास गळतो. मी टिपण परत देते, तो शब्द घालून आणायला सांगते.

कविता शेवटी. 'द ब्लॅक युनिकॉर्न'मधली 'अ लिटनी फॉर सर्व्हायव्हल' मोठ्यानं वाचा. आमच्या वाचनकक्षात बोलायला मनाई आहे, पण या कवितेसाठी मी मागची खोली उघडून देते.