कोलोनोस्कोपीची तयारी: तारीख मिळाल्यापासून रिपोर्ट हातात येईपर्यंत

कोलोनोस्कोपी म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून पाहण्याची तपासणी. तिची तारीख मिळाली की पहिलं काम म्हणजे ती पुढे न ढकलणं. शौचातून रक्त गेलं की आपल्याकडे मूळव्याध समजून घरगुती उपाय सुरू होतात आणि महिने निघून जातात. मूळव्याध असेलही, पण आत पाहिल्याशिवाय ते सांगता येत नाही.

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, अपेंडिक्सपाशी सुरू होऊन ते यकृताखालपर्यंत वर चढतं, आडवं डावीकडे जातं, खाली उतरतं आणि नागमोडी वळण घेऊन गुदाशयाला मिळतं. लहान आतड्याकडून रोज सुमारे दीड लिटर पातळ ऐवज त्यात येतो. त्यातलं बहुतेक पाणी आणि क्षार शोषले जातात आणि उरलेल्याचा मळ होतो. हाच मळ भिंतीवर राहिला तर पाच-सहा मिलिमीटरचा पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेली छोटी गाठ, त्याखाली सहज लपतो. या आतड्याचे बहुतेक कर्करोग अशा पॉलिपमधूनच, बरीच वर्षं घेऊन वाढतात, आणि पॉलिप वेळीच काढला तर ती वाट तिथेच बंद होते. म्हणून माझ्या मते अर्धी तपासणी घरातच होते.

आठवडाभर आधी चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. लोहाच्या गोळ्या साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवतात, कारण त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो. इसबगोलही बंद करायला सांगतात. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका, स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, बसवलेला असेल तर मुळीच नाही. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन त्या दोन दिवसांत कसं घ्यायचं ते लिहूनच घ्या. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर तो न विचारताही सांगा, कारण पोट साफ करणारं प्रत्येक औषध अशा रुग्णांना चालत नाही.

शेवटचे दोन-तीन दिवस चोथा कमी करायचा. एरवी भाकरी, उसळ, पालेभाजी खा असं आपण आग्रहाने सांगतो, आणि ते बरोबरच आहे. आतड्यातले जिवाणू त्या चोथ्यापासून जी आम्लं तयार करतात त्यांवर आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात. पण या दिवसांत नेमकं तेच बाजूला ठेवायचं, शिवाय पेरू, वांगं, भेंडी, बियांसकट टोमॅटो, तीळ, शेंगदाणेही. मधे उपवास आला तर साबुदाण्याच्या खिचडीतलं दाण्याचं कूटही चालणार नाही. मऊ भात, सालं काढलेल्या मुगाच्या डाळीचं वरण, दही, सोललेला उकडलेला बटाटा, इडली, अंडं, काटे काढलेला मासा यांवर हे दिवस नीट निघतात.

आदल्या दिवशी फक्त निवळ पातळ पदार्थ: नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, वरणाचं वरचं पाणी, कोरा चहा. दूध आणि ताक बंद. कोकम सरबत, डाळिंब, बीट यांचा रसही नको, कारण तो लाल रंग आत रक्तासारखा दिसतो.

आता पोट साफ करणारी पावडर. पाकिटावर किंवा चिठ्ठीत लिहिलंय तितक्याच पाण्यात ती पूर्ण विरघळवा आणि थंड करा. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक ग्लास प्या. मळमळलं तर अर्धा तास थांबा, मग पुन्हा सुरू करा. तास-दोन तासांत जुलाब सुरू होतात, तेव्हा त्याआधीच बादल्या भरून ठेवा आणि गुदद्वाराभोवती व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावा, नाहीतर आग होते. चाळीत सामायिक संडास असेल तर ती रात्र नातेवाइकांकडे काढण्याची सोय बघा. म्हाताऱ्या माणसाला एकटं ठेवू नका. रात्रीच्या अंधारात, अशक्तपणात घसरून पडण्याची भीती खरी असते.

औषधाचे दोन भाग दिले असतील तर पहाटेचा भाग सोडू नका. हे मी कळकळीने सांगते. रात्रभरात लहान आतड्यातून पित्तमिश्रित चिकट द्रव खाली येतो आणि आतड्याच्या उजव्या भागाला लेप देतो. चपटे पॉलिप तिथेच नजरेतून सुटतात. दुसरा भाग तपासणीच्या चार ते सहा तास आधी सुरू होतो आणि निदान दोन तास आधी संपतो. सकाळी नऊची वेळ असेल तर पहाटे चारला उठावं लागेल. उठा. शेवटी शौचाला पिवळसर, आरपार दिसणारं पाणी झालं की काम झालं. अजून गढूळ असेल तर घरातून निघण्याआधी फोन करून विचारा.

जाताना सैल कपडे, जुनी फाइल, आणि सोबत एक जाणतं माणूस. दागिने घरी ठेवा. भूल दिली असेल तर चोवीस तास गाडी चालवायची नाही आणि महत्त्वाच्या कागदांवर सहीही नाही. नंतर पोट फुगतं, वारा सरला की बरं वाटतं. पोटात जोराची कळ, ताप किंवा भरपूर रक्त गेलं तर लगेच दवाखाना गाठा.

रिपोर्ट घेताना तीन गोष्टी विचारा: दुर्बीण आतड्याच्या अगदी सुरुवातीपर्यंत पोचली का, आतडं किती स्वच्छ होतं, पुढची तपासणी कधी. आतड्यातून काढलेला तुकडा तपासायला पाठवला असेल तर त्याचा निकाल स्वतः आणा. कर्करोग निघाला तर भावंडांना आणि मुलांना कळवा. त्यांची तपासणी साधारणपणे चाळिशीत, किंवा तुमच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे आधी येईल तेव्हा सुरू करतात.