गारपिटीचा इशारा आला की आधी पाणी तोडा, औषध नंतर

फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये उत्तरेकडची थंड, कोरडी हवा आणि बंगालच्या उपसागरावरून येणारी दमट हवा मध्य भारतावर भिडते. वादळी वाऱ्यासह गारा पडतात त्या यामुळेच. २०१४ साली याच दिवसांत मराठवाडा-विदर्भाला असा तडाखा बसला होता. गारेचा मार रोखणे फारसे हातात नाही. त्यामागून येणारी ओल आणि सड मात्र रोखता येते.

इशारा मिळताच गहू, हरभरा, कांद्याचे पाणी तोडा. ओल्या रानात मुळांची पकड सैल होते आणि ओंब्या भरलेला गहू वाऱ्याने लोळतो. कापलेला हरभरा उंचवट्यावर, खाली तुराट्या टाकून रचा. ताडपत्रीवर नुसते दगड ठेवून भागत नाही; वरून आडवे दोर घेऊन खुंट्यांना ताणून बांधा. जनावरे झाडाखाली ठेवू नका, विजेचा धोका असतो.

निम्म्या माना (पातीचा बुडखा) आडव्या पडलेला कांदा काढून आडोशाला न्या. रानात पडलेला कांदा झाकला असेल तर पाऊस उघडताच ताडपत्री काढा. आत वाफ कोंडली की मानेतून सड लागते. गारेने ठेचलेला कांदा चाळीत (साठवणुकीच्या हवेशीर शेडमध्ये) भरूच नका. भाव कमी मिळाला तरी तो आधी विकावा, नाहीतर शेजारचा चांगला कांदाही घेऊन जातो. उभ्या पिकाची पात फाटली असल्यास करप्यासाठी (पात करपवणारा बुरशीजन्य रोग) १० लिटर पाण्यात मॅन्कोझेब हे बुरशीनाशक २५ ग्रॅम आणि औषध पातीला चिकटवणारे स्टिकर १० मिली घेऊन फवारा.

द्राक्षात साखर भरलेले मणी पाण्याने तडकतात, म्हणून तयार माल आधीच उतरवा. पाऊस थांबला की ब्लोअरने घडांतले पाणी झाडा, फुटलेले मणी कात्रीने काढून बागेबाहेर पुरा. काढणीच्या तोंडावर घाबरून बुरशीनाशक मारू नका. औषधाचा अंश सापडला तर निर्यातीचा माल नाकारला जातो.

डाळिंबात गारेची जखम म्हणजे तेल्या या जिवाणूजन्य रोगाला उघडे दार. मोडलेल्या फांद्या करवतीने साफ कापून त्यावर १० टक्के बोर्डो पेस्ट लावा. पेस्टसाठी १ किलो मोरचूद ५ लिटर पाण्यात आणि १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५ लिटर पाण्यात, दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवा. चुन्याची निवळी थंड झाल्यावर गाळून घ्या आणि दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओता. घासलेला विळा त्यात थोडा वेळ बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, तो वाढवा. पेस्ट त्याच दिवशी संपवा. बाग सावरावी म्हणून लगेच युरिया देण्याची घाई नको. कोवळ्या फुटीवर रोग लवकर बसतो.

बाग साफ करण्याआधी फोटो काढा आणि तलाठी व कृषी सहायकांकडून पंचनामा करून घ्या. सरकारी मदतीसाठी नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असावे लागते. फळपीक विम्यात गारपिटीचे जादा संरक्षण घेतले असेल, तर ७२ तासांच्या आत विमा कंपनीला कळवा.