चेंगडूच्या चहाघरात बसायचं कसं

चेंगडूचे लोक रोजचा दिवस कसा घालवतात हे पाहायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे तिथलं चहाघर. सिच्वान प्रांताच्या या राजधानीत एका पेल्याच्या पैशात खुर्ची तासन् तास तुमची असते. गरम पाणी येत राहतं, उठा असं कुणी म्हणत नाही. पण पेला कसा धरायचा आणि झाकण कुठे ठेवायचं हे ठाऊक नसेल तर बोटं भाजतात, चहा कडू होतो, आणि पाच मिनिटं उठून गेलात तर परत येईपर्यंत टेबल आवरलेलं असतं.

आधी पैशांची सोय. अलीपे हे पैसे भरायचं चिनी अॅप भारतातूनच उतरवून घ्या आणि व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच टाका, नाहीतर पडताळणी अडकते. कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करून घ्या. बँकेचा ओटीपी भारतीय नंबरावर येतो, म्हणून ते सिम रोमिंगवर जागं ठेवा; बहुतेकांची गाडी इथेच रुतते. अलीपेवर 200 युआनपर्यंतच्या व्यवहाराला जादा शुल्क नाही, त्यावर 3 टक्के लागतं. तरी खिशात 10 आणि 20 च्या थोड्या नोटा असू द्या.

मेट्रोच्या 2 नंबरच्या मार्गावर ‘रनमिन कुंगयुआन’ म्हणजे जनता उद्यानाचं स्टेशन आहे. मेट्रोत शिरताना बॅग यंत्रातून जाते, त्यासाठी थोडा वेळ धरा. 1911 साली सुरू झालेल्या या बागेत तळ्याकाठी ‘ह मिंग’ हे चहाघर 1923 पासून आहे. सकाळी 9 च्या आत पोचा. चेंगडूचं आकाश वर्षातले बरेच दिवस ढगाळ असतं, त्यामुळे ऊन पडलं की अख्खं शहर बागेत उतरतं आणि बांबूची एक खुर्ची मिळणं मुश्किल होतं.

चहा गाइवानमध्ये येतो: खाली बशी, मधे वाटी, वर झाकण. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी मोगऱ्याचा चहा मागवावा, ‘मोली ह्वाछा’. चहाला वास देणारं हे फूल म्हणजे आपला मोगराच. वाटीत साधारण 3 ग्रॅम पत्ती असते आणि पाणी बहुधा थेट उकळतं ओततात. अशा वेळी झाकण घट्ट बसवलं की कोवळी पत्ती शिजते आणि चहा तुरट होतो. म्हणून झाकण तिरकं, फट ठेवून बसवा आणि दोनेक मिनिटं थांबा.

पिताना वाटीला हात लावायचा नाही. डाव्या हाताने बशीसकट सगळं उचलायचं, उजव्या हाताने झाकणाच्या कडेने वर तरंगणारी पत्ती पलीकडे सारायची, आणि झाकण थोडं कलतं ठेवून त्या फटीतून घोट घ्यायचा. बशी असते ती यासाठीच. वाटी पूर्ण रिकामी करू नका. एक तृतीयांश चहा उरला की पाणी घालून घ्या, म्हणजे पुढची वाटी पाणचट होत नाही. दुधासाखरेची सवय असलेल्यांना पहिली वाटी फिकी वाटेल. दुसरीत चव खुलते, तिथपर्यंत धीर धरा.

आता झाकणाची भाषा. झाकण काढून बशीला टेकवून उभं केलं की पाणी हवं. बराच वेळ कुणी फिरकलं नाही तर ‘चान छा!’ अशी हाक द्या. तिथे हाक मारणं उद्धटपणाचं नाही. जरा उठून जायचं असेल तर झाकणावर एखादी छोटी वस्तू ठेवा: जागा धरलेली आहे. झाकण उलटं करून वाटीत ठेवलं की झालं, आवरा. लांब नळीच्या तांब्याच्या किटलीतून कुणी पाणी ओतत असेल तर हात मांडीवर ठेवा आणि हलू नका. वाटी मदतीला पुढे केलीत तर उकळतं पाणी हातावरच पडेल.

टेबलांमधून चिमट्याचा ‘टणन्’ असा लांबणारा नाद करत फिरतात ते कान साफ करणारे. हा तिथला जुना धंदा आहे. दर आधी विचारा, हत्यारं निर्जंतुक केली आहेत का ते पाहा, आणि कानाच्या पडद्याचा त्रास असेल तर नकोच म्हणा. पत्ते किंवा माजोंग खेळणाऱ्यांचे फोटो काढण्याआधी कॅमेरा दाखवून खुणेने विचारा. पैशांचा डाव रंगात आलेला असताना लेन्स कुणालाच आवडत नाही.

शाकाहाऱ्यांनी ‘वो छ् सू’, म्हणजे ‘मी शाकाहारी आहे’, हे पाठ करावं, पण तेवढ्यावर विसंबू नये. भाजीतही डुकराची चरबी किंवा कोंबडीचं पाणी असू शकतं, म्हणून हे दोन्ही नको असं चिनी अक्षरांत लिहून मोबाइलवर दाखवा. चहाबरोबर सूर्यफुलाच्या बिया बिनधास्त मागवा.

बागेतली गर्दी नकोशी झाली तर श्वांगल्यू भागातल्या पंगचन गावी जा. तिथलं जुनं चहाघर पहाटे उजाडण्याआधी उघडतं. गावचे म्हातारे आधी येतात, पाहुण्यांसाठी दर वेगळा असतो, आणि सकाळी सातनंतर कॅमेरेवाल्यांचीच दाटी होते. आत धूर भरपूर असतो. दमा असलेल्यांनी दाराशी बसावं.

हातात आणखी एक दिवस असेल तर तुच्यांगयेनची जुनी पाणीवाटपाची व्यवस्था चुकवू नका. 2 नंबरच्या मेट्रोने ‘शीफू’ला उतरलात की तिथेच रेल्वे मिळते आणि अर्ध्या तासाच्या आसपास तुच्यांगयेनला पोचता. तिकिटाला मूळ पासपोर्ट लागतो. तो फाटकाच्या यंत्रात चालला नाही तर बाजूच्या कर्मचारी असलेल्या खिडकीकडे जा. इसवी सनापूर्वी 256 च्या सुमारास ली बिंग या अधिकाऱ्याने मिन नदीवर धरण न बांधता मधे माशाच्या तोंडासारखा बांध घालून प्रवाह दुभंगला. उन्हाळ्याच्या तोंडाशी शेतीकडे दहातले सहा वाटे पाणी वळतं, पुरात चारच. ‘तळ खोल उपसा, बांध ठेंगणा ठेवा’ हा तिथला जुना नियम. धुळ्याकडच्या पांझरेकाठची, बंधाऱ्याचं पाणी पाटाने शेतांना वाटून देणारी फड पद्धत पाहिलेल्यांना हे गणित लगेच कळेल. फिरताना ‘माशाच्या तोंडा’पासून सुरुवात करून पाण्याबरोबर खाली या, म्हणजे आधी पाणी कसं वाटलं जातं, मग जादा पाणी आणि गाळ कुठे बाहेर टाकला जातो, आणि शेवटी डोंगर फोडून केलेल्या अरुंद तोंडातून शेतीचं पाणी आत कसं शिरतं, हे ओळीने दिसतं. परतीचं तिकीट सकाळीच काढून ठेवा. सुटीच्या दिवशी संध्याकाळच्या गाड्या भरून जातात.