एक्सेलचा डायलॉग बॉक्स स्क्रीनबाहेर गेलाय? असा परत आणा

फॉरमॅट सेल्सचा बॉक्स उघडायला कंट्रोल १ दाबलं आणि शीट एकदम गप्प, सेलवर क्लिक केलं की नुसता टुंग आवाज येतो, दिसत मात्र काहीच नाही. असं झालं की एक्सेल हँग झालं असं वाटतं, पण बरेचदा तसं नसतं, बॉक्स उघडलेला असतो, फक्त स्क्रीनच्या बाहेर असतो आणि तो बंद होईपर्यंत शीट कशालाच दाद देत नाही. इथे लोक घाबरून टास्क मॅनेजरमधून एक्सेल बंद करतात आणि सेव्ह न केलेलं सगळं काम जातं, ते प्लीज करू नका. आधी एस्केप दाबा. न दिसणारा बॉक्स बंद होतो, शीट परत चालू होते, मग लगेच कंट्रोल एस. काम वाचलं की बाकीचं निवांत करता येतं.

हे होतं बहुतेक दोन मॉनिटरमुळे. विंडोज मेन स्क्रीनचा वरचा डावा कोपरा शून्य-शून्य धरतं, म्हणजे डावीकडे लावलेल्या मॉनिटरवरच्या जागा मायनसमध्ये जातात. बरेच बॉक्स आपली शेवटची जागा लक्षात ठेवतात, त्यामुळे मॉनिटर काढला तरी बॉक्स कधीकधी त्याच मायनसवाल्या जागी उघडतो, जिथे आता स्क्रीनच नाही.

आता परत आणायची पद्धत. बॉक्स नेहमीच्या शॉर्टकटने उघडा, आणि उघडल्यावर माऊसला हात लावू नका. ऑल्ट धरून स्पेस दाबा, मग एम, म्हणजे मेनूतला मूव्ह (मेनू दुसऱ्या भाषेत असेल तर अक्षर वेगळं असेल). आता कुठलाही एक बाण फक्त एकदा दाबा. हा बाण महत्त्वाचा आहे, अनेकजण तोच विसरतात आणि मग ट्रिक चालत नाही म्हणतात. बाण दाबला की बॉक्स माऊसला चिकटतो, माऊस नुसता हलवा, बटण न दाबता, बॉक्स कुठूनतरी सरकत आत येतो, हवा तिथे आला की क्लिक करा. बॉक्स कुठल्या बाजूला हरवलाय ते माहीत असायची गरज नाही, म्हणून मला हीच पद्धत सगळ्यात भारी वाटते.

फाइंडच्या बॉक्समध्ये एक गोम आहे. तो उघडा असतानाही शीटवर काम करता येतं, त्यामुळे टुंग आवाज येत नाही, आणि शीटवर चुकून क्लिक झालं की फोकस शीटकडे जातो, मग ऑल्ट स्पेसने एक्सेलच्याच मोठ्या विंडोचा मेनू उघडतो. मेनूत मूव्ह फिकट दिसला तर समजा हेच झालंय. एस्केप दाबून मेनू बंद करा, पुन्हा कंट्रोल एफ, आणि लगेच ऑल्ट स्पेस.

ऑल्ट स्पेसने भलतंच काहीतरी उघडत असेल, उदाहरणार्थ मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या टूलचा सर्च, तर तो शॉर्टकट दुसऱ्या कुठल्यातरी ॲपने घेतलाय, तिथे बदलून टाका.

एवढं करूनही नाही आला तर विंडोज की आणि पी दाबून फक्त पीसी स्क्रीन निवडा, किंवा डिस्प्ले सेटिंगमध्ये रिझोल्यूशन बदलून परत पहिल्यासारखं करा, विंडोज खिडक्यांची जागा नव्याने लावतं आणि बॉक्स आत येऊ शकतो. दोन मॉनिटरचं स्केलिंग वेगळं असेल, म्हणजे एक १०० टक्के आणि दुसरा १५० वगैरे, आणि हा त्रास सारखा होत असेल तर फाइल, ऑप्शन्स, जनरलमध्ये एकापेक्षा जास्त डिस्प्लेसाठी कंपॅटिबिलिटीवाला पर्याय आहे तो लावून एक्सेल बंद करून उघडा.

लिनक्सवर लिबरऑफिस कॅल्क वापरत असाल तर नोम या डेस्कटॉपमध्ये ऑल्ट एफ ७ ने विंडो हलवायचा मोड चालू होतो, मग बाणांनी सरकवा.

आणि मॅक्रोचे यूजरफॉर्म, म्हणजे स्वतःचे डायलॉग बॉक्स, बनवणाऱ्यांनी फॉर्मची स्टार्टअप पोझिशन मॅन्युअल ठेवून लेफ्ट आणि टॉप एक्सेलच्या विंडोच्या जागेवरून मोजून द्यावेत, म्हणजे फाइल दुसऱ्याच्या मशीनवर उघडली तरी फॉर्म एक्सेलच्या विंडोवरच उघडतो.