जुन्या मॅसी ३५ चं कम्प्रेशन कसं तपासायचं

तीन सिलिंडरच्या पर्किन्स डिझेल इंजिनाचा मॅसी फर्ग्युसन ३५ ट्रॅक्टर सकाळी लवकर चालू होत नसेल आणि ओढही कमी झाली असेल, तर बोअरचं काम काढण्याआधी कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, बघून घ्या. गेज डिझेलचंच हवं, ७० किलोपर्यंतचं (किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवरचा दाब). पेट्रोल गाडीचं गेज साधारण २० किलोला संपतं, इथे ते कामातून जाईल. शिवाय नोझलच्या (डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या) जागी बसणारा अ‍ॅडॅप्टर लागेल.

१. आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि रॉकरमधली गॅप बघा: थंड इंजिनावर ०.३० मिमी. गॅप नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि दोष पिस्टनच्या रिंगवर जातो. एअर क्लीनर साफ करा, बॅटरी पूर्ण चार्ज करा. स्टार्टर मंद फिरला की रीडिंग खोटंच येणार.

२. इंजिन गरम करून बंद करा. गिअर आणि हाय-लो लिव्हर दोन्ही न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला.

३. नोझलभोवतीची माती हवा मारून उडवा, मग तिन्ही नोझल काढा. अडकला तर पहारीने उचकटू नका. डिझेल सोडून रात्रभर ठेवा. जुना तांब्याचा वॉशर भोकात चिकटून राहतो. वाकवलेल्या तारेने तो काढाच. त्यावरच नवा बसवला तर नोझल वर राहतो आणि नंतर धुराचं कारण सापडत नाही. उघड्या पाइपांना टोपणं लावा.

४. स्टॉप नॉब ओढून ठेवा, नाहीतर पंप डिझेल फेकत राहील. अ‍ॅडॅप्टर नव्या वॉशरवर बसवा. काटा वर चढायचा थांबेपर्यंत, म्हणजे पाच-सहा दाब, स्टार्टर मारा. दहा सेकंदांच्या वर नको. तिन्ही सिलिंडर सारखेच तपासा आणि आकडे लिहून ठेवा.

२१ किलोच्या खाली आकडा म्हणजे काम निघालं. पण आकड्यापेक्षा फरक बघा: दोन सिलिंडरमध्ये ३.५ किलोपेक्षा जास्त तफावत असेल, तर कमी असलेल्यात दोष आहे. शेजारचे दोन एकदम पडले असतील तर आधी हेड गॅस्केटवर संशय घ्या. तिन्ही सारखेच कमी आले तर इंजिन खोलण्याआधी बॅटरी पुन्हा तपासा.

कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा बघायची पद्धत पेट्रोल इंजिनाची. डिझेलमध्ये पिस्टनवर जागाच इतकी थोडी, की ऑइलनेच आकडा फुगतो. जास्त पडलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यापेक्षा पिस्टन दाबाच्या फेऱ्यात अगदी वर आणा, इंजिन फिरणार नाही असं अडवून ठेवा आणि अ‍ॅडॅप्टरमधून कम्प्रेसरची हवा सोडून कान लावा. सायलेन्सरमध्ये फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर क्लीनरकडे आली तर इनलेट, ऑइल भरायच्या तोंडातून जोरात आली तर रिंग-लायनर. रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे गॅस्केट किंवा हेडला तडा.

नोझल परत बसवताना तिन्हींना नवे वॉशर घाला आणि दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. स्टॉप नॉब आत ढकला, नोझलकडचे पाइपनट सैल ठेवून स्टार्टर मारा आणि बुडबुड्यांशिवाय डिझेल आलं की आवळा.