करारावर सह्या करण्याआधी: न्यायासाठी एकत्र येणाऱ्या संस्थांची तयारीची यादी

विधी साहाय्य केंद्र, रुग्णालय, तुरुंग, विद्यापीठाचा कायदा विभाग, वस्तीतली संघटना, यांतल्या दोघा-तिघांनी मिळून काम करायचं ठरलं की पहिली बैठक हमखास सामंजस्य कराराच्या मसुद्यावर खर्ची पडते. मसुदा तूर्त बाजूला ठेवा. एक कोरा कागद घ्या आणि माणूस घरातून निघाल्यापासून आदेश हातात पडेपर्यंत किती टेबलांवरून जातो ते त्यावर काढा. प्रत्येक टेबलापुढे लिहा, इथे त्याला हकिगत पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते का आणि इथून पुढे त्याला कोण नेतं. ‘आम्ही त्यांना तिकडे जायला सांगतो’ असं उत्तर जिथे येईल तिथे लाल खूण करा. माणसं बहुतेक तिथेच गळतात.

मग जोडीदार निवडा. लोक अडचणीत आधीच जिथे जातात ती जागा शोधा, वकिलाला तिथे बसवा. बॉस्टनच्या शहर रुग्णालयात 1993 साली बालरोगतज्ज्ञ बॅरी झुकरमन यांनी नेमकं हेच केलं. दम्याची मुलं औषध घेऊन घरी जात आणि बुरशी धरलेल्या भाड्याच्या खोल्यांमुळे परत येत. घरमालकाला दुरुस्ती करायला लावणं डॉक्टरच्या हातात नव्हतं, वकिलाच्या होतं. आफ्रिकेतल्या मलावीत 2000 पासून विधी साहाय्यक, म्हणजे वकील नसलेले पण कायद्याचं प्रशिक्षण घेतलेले कार्यकर्ते, थेट तुरुंगात जाऊ लागले. जामीन म्हणजे काय, न्यायाधीशापुढे काय बोलायचं, हे ते कच्च्या कैद्यांना छोट्या नाट्यप्रसंगांतून शिकवत. तुरुंगाचं दार उघडलं त्यामागे आचारसंहिता होती. आत कसं वागायचं हे लेखी ठरलेलं असल्यामुळे तुरुंग प्रशासनाचा भरवसा बसला. तुमच्या यादीतही ही आचारसंहिता हवी, आणि ती करारापेक्षा आधी हवी.

‘दुर्बल घटक’ हा शब्द कागदावर तसाच सोडू नका. इबेरो-अमेरिकन, म्हणजे स्पेन, पोर्तुगाल आणि लॅटिन अमेरिकेतल्या देशांच्या न्यायसंस्थांनी 2008 मध्ये ब्राझिलियात स्वीकारलेल्या शंभर नियमांत वय, अपंगत्व, आदिवासी समूह, स्थलांतर, गरिबी, लिंगभाव, कैद अशी कारणं वेगवेगळी मोजली आहेत. ती समोर ठेवून आपल्याकडे कोण येतं ते बघा. मुख्य म्हणजे कोण येतच नाही ते बघा. व्हीलचेअरवरच्या माणसासाठी रॅम्प आहे, पण अर्जाची खिडकी छातीच्या वर आहे, असले विनोद जागेवर जाऊनच सापडतात.

आता पाठवणीची चिठ्ठी, म्हणजे एका संस्थेने माणसाला दुसरीकडे पाठवताना द्यायचा कागद. माझ्या मते अख्ख्या भागीदारीचा जीव या एका कागदात असतो, म्हणून यावर वेळ घालवा. प्लास्टिकच्या पिशवीतून बाई कागद काढते: जुनी पावती, रेशनकार्डाची झेरॉक्स, चार घड्या घातलेली नोटीस. समोरच्याने सगळ्यात आधी नोटिशीवरची तारीख वाचायला हवी, कारण अपिलाची मुदत उद्या संपत असेल तर बाकीची चौकशी नंतर. चिठ्ठीवर ती मुदत सगळ्यात वर, ठळक. खाली चार ओळींत हकिगत, मूळ कागद कोणाकडे आहेत, निरोप कोणत्या नंबरवर आणि किती वाजता द्यायचा. मारहाण करणारा घरातच असेल तर फोन कधी करायचा नाही, हेही त्यातच आलं. दुसऱ्या संस्थेने ठरलेल्या दिवसांत पोच द्यायची. पोच आली नाही तर पहिल्या संस्थेने फोन करायचा. फोन करणाऱ्याचं नाव लिहा. ‘समन्वयक’ एवढंच लिहिलं तर तो फोन कोणीच करत नाही.

गोपनीयतेचा मुद्दा वकिलाबरोबर वेगळं बसून सोडवा. वकिलाने पक्षकाराचं गुपित राखायचं असतं. डॉक्टर किंवा समाजसेवकावर मात्र काही ठिकाणी बालअत्याचाराची माहिती कळवण्याचं कायदेशीर बंधन असतं. दोघे एकाच खोलीत, एकाच संगणकावर नोंदी करणार असतील तर कोणाला काय दिसेल हे आधी ठरवा आणि येणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेत सांगा. संमतीपत्रावर अंगठा घेतला म्हणजे समजलं असं होत नाही. नवरा-बायको दोघेही त्याच केंद्राकडे आले तर दुसऱ्यासाठी बाहेरचा वकील कोण, हेही आत्ताच ठरवा. ती वेळ येतेच.

दुभाष्याचे पैसे अंदाजपत्रकात धरा. आईच्या छळाची हकिगत दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून भाषांतरित करून घेणं बंद करा. प्रवासखर्चाचंही तेच: तारखेला येण्याने दिवसाची मजुरी बुडत असेल तर फुकट वकील फुकट पडत नाही.

अनुदान संपेल त्या दिवशी अर्धवट खटले कोणाकडे जातील हे करारात एका कलमात येऊ द्या. नोंदवहीत शिबिराला किती जण आले याचा रकाना ठेवा हवं तर, पण त्याशेजारी आदेश किती मिळाले आणि त्यांतले प्रत्यक्षात किती अमलात आले हे दोन रकाने हवेतच. पोटगीचा आदेश मिळाला, पोटगी मात्र नाही, हे त्याशिवाय दिसणार नाही.

शेवटी सह्यांच्या आदल्या आठवड्यात एक खोटं प्रकरण चालवून बघा. तुमच्यातल्याच एकाने अनोळखी नंबरवरून, जेवणाच्या सुट्टीत फोन करायचा आणि म्हणायचं, नोटीस आली आहे, वाचता येत नाही. कोण उचलतं, काय सांगतं, चिठ्ठी कधी पोचते, घड्याळ लावून लिहा. उद्घाटनाची तारीख त्यानंतर.