ठाण्याहून व्हिएतनाम : मुलांसाठीची सायकल-सफर तडीस कशी न्यावी

मुलांच्या मदतीसाठी परदेशात लांब पल्ल्याची सायकल-सफर करायची असेल, तर तिची आखणी शेवटाकडून सुरुवातीकडे करावी, असे माझे ठाम मत आहे. ज्या मुलांच्या नावाने पैसे मागितले त्यांच्यापर्यंत ते वेळेवर पोहोचले आणि प्रत्येक देणगीदाराला हिशेब मिळाला, तेव्हाच सफर पूर्ण झाली असे मानावे. ठाणे व नवी मुंबईतील सायकलस्वारांसाठी येथे हनोई ते हो चि मिन्ह सिटी हा सुमारे १७०० किलोमीटरचा मार्ग उदाहरणादाखल घेतला आहे.

सर्वप्रथम पैसे नेमके कधी लागतात, हे संस्थेला विचारावे. शहापूर, मुरबाड, भिवंडी या भागांतील वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर कामाला येतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर पाड्यावर परततात. मुलांची शाळा तुटते ती नेमकी याच महिन्यांत. भट्टीजवळ वर्ग चालवणाऱ्या संस्थेला मदत करायची असेल, तर निधी दिवाळीपूर्वी तिच्या हाती पडला पाहिजे. याउलट मध्य व्हिएतनाममध्ये सप्टेंबर ते नोव्हेंबर मुसळधार पाऊस आणि वादळे असतात, म्हणून सायकल चालवायला फेब्रुवारी-मार्च बरे. सफर संपल्यावर पैसे द्यायचे ठरवले, तर ते हातात येईपर्यंत भट्टीचा हंगाम संपत आलेला असतो. यावर उपाय एकच: आवाहन गणेशोत्सवात करावे, निधी दिवाळीआधी पोहोचता करावा आणि सायकल त्यानंतर चालवावी.

देणग्या स्वतःच्या खात्यात किंवा यूपीआयवर कधीही घेऊ नयेत. त्या थेट संस्थेच्या खात्यात जाव्यात आणि पावतीही संस्थेनेच द्यावी. देणगीवर मिळणारी आयकरातील वजावट (जिला ८०-जी म्हणतात) हवी असणाऱ्यांना दोन गोष्टी आधीच सांगाव्यात: २००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोखीने दिल्यास ती मिळत नाही आणि नवी करप्रणाली निवडलेल्यांनाही ती लागू नाही. परदेशातील नातेवाइकांच्या बाबतीत पासपोर्ट पाहावा लागतो. भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय देणगी ठरत नाही. परंतु परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भावाची किंवा मावशीची, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) कार्ड असले तरी, परकीय देणगीच ठरते. ती घेण्यासाठी संस्थेची एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी नियमन कायद्याखालील, नोंदणी असावी लागते आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते. विमानाचे तिकीट, व्हिसा, विमा आणि मुक्काम हा खर्च मात्र स्वतःच्या खिशातून करावा आणि तसे आवाहनाच्या पहिल्याच ओळीत लिहावे.

किलोमीटरमागे अमुक रुपये, अशी देणगी मागू नये. अंगात ताप असतानाही मनुष्य त्या आकड्यापायी सायकलवर बसतो, आणि त्याच्या ढासळलेल्या तब्येतीचा मुलांना काडीचाही उपयोग नसतो.

सरावासाठी येऊरची चढण आणि पाम बीच रोड सोयीचे आहेत. तथापि लागोपाठ दिवस सामानासह सायकल चालवणे हाच खरा सराव. शनिवारी ठाण्याहून कसारा घाटाने इगतपुरी गाठावी, रविवारी परतावे आणि सोमवारी पहाटे पुन्हा येऊर चढावे. इगतपुरी सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. ह्युए आणि दा नांग यांच्यामधली हाय वान खिंड ५०० मीटरच्या आत असली, तरी तिची चढण समुद्रकाठापासूनच सुरू होते, म्हणून दमाने सलग चढत राहण्याची सवय हवी. खिंडीखालच्या बोगद्यात सायकलला बंदी आहे, परंतु बहुतेक वाहने बोगद्यानेच जात असल्यामुळे घाटरस्ता पुष्कळ मोकळा मिळतो. २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल-फेरी) साडेतेरा तासांत पूर्ण करता आली, तर दिवसाला ९० किलोमीटरचा हिशेब अवघड जाऊ नये. त्या हिशेबाने १९ दिवस चालवण्याचे, ४ विश्रांतीचे आणि २ राखीव, असे २५ दिवस धरावेत. भारतीयांना ९० दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा मिळू शकतो.

सायकल खोक्यात भरताना डावे पेडल सोडवायचे असेल, तर पाना पुढच्या चाकाच्या दिशेने नव्हे तर मागे फिरवावा लागतो हे लक्षात ठेवावे; दोन्ही पेडले मागच्या चाकाच्या दिशेने फिरवली की सुटतात. मागचा डिरेल्युअर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) काढून कापडात गुंडाळावा, पुढच्या फोर्कच्या टोकांमध्ये आधार घालावा, टायरमधील हवा कमी करावी. डिरेल्युअर ज्यावर बसतो तो हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असल्याने एक सुटा हँगर ठाण्यातूनच न्यावा. पॉवर बँक हातातल्या सामानात ठेवावी. सायकल महाग असेल, तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परतताना शुल्काचा वाद उद्भवत नाही.

व्हिएतनाममध्ये वाहतूक उजव्या बाजूने चालते. पहिला दिवस केवळ त्या सवयीसाठी ठेवावा. द्रुतगती महामार्गांवर सायकल नेता येत नाही, त्यामुळे नकाशावरचा मार्ग आदल्या रात्री तपासावा. शाकाहारी मंडळींनी ‘Chay’ (उच्चार ‘चाय’, अर्थ शाकाहारी) अशी पाटी असलेली खानावळ शोधावी, कारण इतरत्र भाजीतही माशांचा सॉस असतो.

हो चि मिन्ह सिटीत शिरताना स्कूटरची गर्दी अंगावर येते, म्हणून शेवटचा मुक्काम शहराबाहेर करून रविवारी पहाटे आत जावे. परतीच्या प्रवासासाठी खोके तेथील सायकल दुकानात आधीच सांगून ठेवावे. एखादा टप्पा आजारपणामुळे बसने करावा लागला असेल, तर तो कोणता आणि किती किलोमीटरचा, हे देणगीदारांना स्पष्ट कळवावे.

परतल्यावर महिन्याभरात संस्थेच्या पावत्यांशी ताडून पाहिलेला हिशेब पाठवावा. सोबत मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो जोडू नयेत. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार मनाई आहे, आणि कायदा नसता तरी त्या मुलांचा मान राखणे आपल्यावर बंधनकारक होतेच. फोटोंऐवजी वर्ग किती महिने चालला, शिक्षकांचे मानधन किती दिले, वह्या-पुस्तकांवर किती खर्च झाला आणि पैसे उरले असल्यास ते पुढच्या हंगामासाठी कोठे ठेवले, हे संस्थेकडून लिहून घेऊन प्रत्येकाला पाठवावे.